फुग्याची बाही

कात्रीबाईने एका गरीब घरच्या मुलीचं पालकत्व घेतलं ते दयेपोटी, असं गल्लीत सगळे म्हणत. खुद्द कात्रीबाई तसं कधी म्हणाली नाही. कोणी विचारलंच, तर दातांत धरलेल्या टाचण्या न काढता ती म्हणे, "माझं एक जुनं काम राहिलंय तिथं." तोंडात टाचण्या असलेल्या बाईला दुसरा प्रश्न विचारायची कोणाची छाती नसते. विषय तिथंच संपे.

तिचं दुकान एका जुन्या इमारतीच्या जिन्याखाली होतं. छत तिरकं, त्यामुळे उंच गिऱ्हाइकाला आत येताना मान तुकवावी लागे आणि कात्रीबाईला ते मनापासून आवडे. पुढे तिचं मशीन, मागे नवऱ्याचं इस्त्रीचं टेबल, मधे डोकं नसलेला एक लाकडी पुतळा. नवरा शांत होता, वाफेसारखा वर वर तरंगत राही. "ही कापते, मी सपाट करतो," असं तो गिऱ्हाइकांना सांगे. कात्रीबाई हे नाव तिला हातातल्या कात्रीवरून पडलं की जिभेवरून, याबद्दल मात्र तो बोलत नसे.

मशीनच्या खणात सुयांचा एक पत्र्याचा डबा होता. त्याच्या तळाशी, जाड कागदात गुंडाळलेली, मोरपिशी कापडाची एक लहानशी बाही होती. फुग्याची, बारीक चुण्या घातलेली, मनगटाकडे पांढरी गोट. दंडापासून कापलेली. हा डबा नवऱ्यालाही उघडायची मुभा नव्हती.

त्या बाहीची गोष्ट अशी.

कात्रीबाई लहान असताना तिची आई एका कपड्यांच्या कारखान्यात काजं-बटणं करायची. बाप होता, पण असून नसल्यासारखा. त्या वेळी शहरात एक संस्था होती, आजही आहे. ती वस्तीतल्या मुलांना दूरदूरचे पालक मिळवून देई. पालक म्हणजे पैसे पाठवणारे. पालकांना दरवर्षी आपल्या मुलाचा एक फोटो जाई आणि त्या फोटोवर मुलाची शाळा, वह्या, बूट सगळं अवलंबून असे. कात्रीबाईचा नंबर लागला तेव्हा तिच्या आईला हर्षवायू व्हायचा बाकी होता. फोटो काढणार म्हटल्यावर तिने कारखान्यातल्या मुकादमाच्या विनवण्या करून कापडाच्या ठाणातला शेवटचा तुकडा मिळवला आणि हातशिलाईने फ्रॉक शिवला. गळपट्टी, खिसा, पांढरी गोट आणि फुग्याच्या बाह्या. कारखान्यात श्रीमंतांच्या मुलींचे फ्रॉक तिच्या हाताखालून जात. त्यातलं जे जे डोळ्यांत साठवलं होतं, ते सगळं तिने त्या एका फ्रॉकात ओतलं.

संस्थेच्या बाईंना सगळे मोठ्या ताई म्हणत. तेव्हा त्या तरुण होत्या, चटपटीत होत्या आणि त्यांना घाई होती. मुलीला बघून त्या आधी हसल्या, मग म्हणाल्या, "अगं बाई, हे काय! एवढी नटवून आणलीस? फुग्याच्या बाह्यांना कोण मदत करणार?" टेबलावरची कात्री उचलून त्यांनी उजवी बाही दंडापासून कापून टाकली. खिसा एका बाजूने उसवला. खालची दुमड ओढून दोरे लोंबते केले. मुलगी रडायला लागली, तर म्हणाल्या, "हां, अस्सं. हेच तोंड ठेव." आणि आईकडे वळून, "आता फोटोत चांगलं दिसेल. हो ना?"

आई म्हणाली, "हो ताई."

फ्रॉक संस्थेतच राहिला, पुढच्या मुलींसाठी. आईने जमिनीवर पडलेली बाही उचलली आणि घरी येईपर्यंत मुठीत धरून ठेवली. घरी येऊन ती नुसती बसून राहिली. पुढे ती पुष्कळ वर्षं जगली, पण मुलीसाठी पुन्हा काही शिवलं नाही. "तयार घेऊ या," म्हणायची. कात्रीबाईला फ्रॉक कापल्याचा राग होताच. पण तिच्या घशात काटा रुतला होता तो त्या "हो ताई"चा. आई गेली त्या दिवशी तिने डबा उघडून बाही बाहेर काढली आणि मनाशी ठरवलं: एकदा त्या बाईला लोकांसमोर उभं करायचं, तिच्या अंगावरचं कापडही असंच कापायचं आणि तिच्या तोंडून "हो" काढून घ्यायचं.

म्हणून ती पालक झाली. संस्थेच्या दारातून आत जायचा मानाचा रस्ता तेवढाच होता.

तिच्या वाट्याला आलेली मुलगी म्हणजे चिमटी. हे नाव तिला तिच्या हातांमुळे पडलं होतं. बोलता बोलता समोरच्याला चिमटा काढायची तिला खोड होती. हडकुळी, धारदार डोळ्यांची, वयापेक्षा दुप्पट बोलणारी. एका खोलीत आई, आजी आणि चार भाऊ. आई एका ऑफिसचे जिने पुसायची. पहिल्याच भेटीत चिमटीने कात्रीबाईला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाली, "तू पालकमावशी? तू तर आमच्यासारखीच दिसतेस."

"बरं मग?"

"काही नाही. मला वाटलं गाडीतून येशील."

पहिल्या वर्षीचा फोटो आला तो कात्रीबाईने नवऱ्यासमोर धरला. चिमटी उभी, ओठ खाली ओढलेले, डोळ्यांत पाणी आणि अंगात तोच फ्रॉक. मोरपिशी रंग उडून राखेसारखा झालेला. एकच बाही. गळपट्टीवरचे ते टाके कात्रीबाईने आंधळेपणीही ओळखले असते. "अजून जिवंत आहे," ती म्हणाली. नवऱ्याला वाटलं मुलीबद्दल बोलतेय. तो म्हणाला, "हो की, चांगली तरतरीत दिसतेय."

नंतर तिने चिमटीला विचारलं, "फोटोत रडत का होतीस?"

"रडत कुठं! ते तोंड आहे." चिमटीने लगेच करून दाखवलं. भुवया मधे वर, ओठ खाली, डोळे न मिचकावता एका जागी रोखलेले. क्षणात पाणी. क्षणात गायब. "सगळ्या पोरींना मीच शिकवते. फोटोवाला दिवे लावतो तेव्हा आधी मलाच तो फ्रॉक घालून उभी करतात. लहान पोरींना मागून पिना लावतात आणि मोठ्यांना मागून उघडाच ठेवतात. फोटोत मागचं दिसत नाही ना."

"तुला राग नाही येत?"

"कशाचा? शाळा मिळते की." मग थोडा विचार करून म्हणाली, "त्या फ्रॉकचा खिसा फाटका आहे, याचा येतो. माझ्या तर कुठल्याच कपड्याला खिसा नाही. घरात काहीही ठेवलं की भाऊ लांबवतात. मला चेनचा खिसा देशील? आतून?"

"देईन. माझं काम झालं की."

"कसलं काम?"

कात्रीबाईने टाचण्या तोंडात धरल्या.

मोठ्या ताई आता म्हाताऱ्या झाल्या होत्या, पण चटपटीतपणा गेला नव्हता. कात्रीबाई त्यांना भेटायला गेली ती चांगले कपडे करून गेली. स्वतः शिवलेला गडद निळा कोट, कॉलर कडक, बटणं एकसारखी. तिने सांगितलं, "मी इथंच वाढले ताई. लहानपणी मलाही पालक होते." ताईंनी तिच्याकडे पाहिलं आणि त्यांच्या डोळ्यांत ओळखीचा कण नव्हता. कात्रीबाईने मनात शंभरदा रंगवलेला हा प्रसंग, आणि समोरची बाई तिला साफ विसरलेली! विसरलेल्या माणसाचा सूड घेणं म्हणजे भिंतीला बुक्के मारणं. पण ताई मात्र टाळी वाजवून उठल्या.

"अगं, म्हणजे तू आमचीच! आमच्यातली मुलगी आज पालक झाली! आता वार्षिक मेळावा आहे, सगळे पालक येणार, तुला बोलावंच लागेल. दोन शब्द. कुठून आलीस, काय सोसलंस." मग त्यांनी निळ्या कोटाची कॉलर बोटांनी चाचपली. "फक्त हा नको घालूस हं. काहीतरी साधं घाल. जरा जुनं असलं तरी चालेल. लोकांना दिसायला हवं ना, कुठून आलीस ते."

इतक्या वर्षांनीही ती बाई तीच होती, केवळ हातात कात्री नव्हती.

"बरं ताई," ती म्हणाली.

"आणि शिवण करतेस म्हणालीस? मग माझा एक कोट आहे, त्याची कंबर जरा सैल करून दे. मेळाव्याला तोच घालते मी दरवर्षी. आपलंच माणूस आहेस, तुला काय सांगायचं."

कोट राखाडी लोकरीचा होता, आतून रेशमी अस्तराचा, जुन्या चांगल्या कारागिराच्या हातचा. तो बगलेत मारून कात्रीबाई दुकानात आली आणि नवऱ्याला म्हणाली, "देव आहे."

"कुठं?" नवऱ्याने इस्त्रीवरून मान वर केली.

तिने कोट पुतळ्यावर चढवला. मग पहिल्यांदाच सगळी हकिकत त्याला सांगितली. ऐकता ऐकता त्याच्या हातातली इस्त्री एका चादरीवर थोडी जास्त वेळ राहिली. "अगं, पण त्या पोरीची शाळा?" तो म्हणाला. "ताईंनी डूख धरला तर?"

नवरा बोलतो कमी, पण बोलतो तेव्हा नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवतो. कात्रीबाई दुसऱ्या दिवशी चिमटीच्या आईला गाठायला गेली. ती जिन्यावर बादली घेऊन बसलेली होती. सगळं ऐकून तिने फडकं पिळलं. जरा जोरातच पिळलं.

"तुमचं तुमच्या ताईंशी काय असेल ते असेल, कात्रीबाई. तुमचा जीव थंड होईल, माझ्या पोरीचं काय?"

"संस्थेने काढलं तरी तिची शाळा मी करीन. माझ्या मशीनची शपथ."

"शाळा कराल. पण तिला त्यात ओढू नका. तिला कोणासमोर उभी करू नका. पुष्कळ उभी राहिलीय ती."

"नाही ओढणार. शब्द देते."

हे बोलताना कात्रीबाई खोटं बोलत नव्हती. तिचा बेत कोटापुरताच होता.

मेळाव्याच्या दिवशी सकाळी तिने कोटाची कंबर सैल केली. काम म्हणजे काम. ते तिने नीट केलं, अस्तर पुन्हा बारीक टाक्यांनी बसवलं. नवऱ्याने इस्त्री फिरवली. मग तिने मोठी कात्री घेतली आणि उजवी बाही दंडापासून कापली. लोकर जाड होती, कात्री कुरकुरली. खिसा एका बाजूने उसवला. खालची दुमड ओढून दोरे लोंबते केले. नवरा बघत होता. "इस्त्री उगाच केली म्हणायची," एवढंच तो म्हणाला. तिने कोटाची घडी घातली, कागदात बांधला, दोरीची सुबक गाठ मारली, कापलेली बाही पिशवीत टाकली आणि सुयांचा डबाही घेतला. अंगात निळा कोट चढवला.

सभागृह भरलं होतं. पालक पुढच्या खुर्च्यांवर, वस्तीतल्या आया मागे भिंतीशी. मंचाच्या मागे पडदा होता आणि पडद्याआड फोटोवाला. मेळाव्याला तो आलेलाच असे, म्हणून मुलांचे वर्षाचे फोटोही तिथंच उरकत. बाहेर बोचरी थंडी. मोठ्या ताई घरच्या विटक्या स्वेटरवर येऊन मंचाशेजारच्या खोलीत कोटाची वाट बघत होत्या.

"आलीस बाई! आण, आण." मग निळ्या कोटाकडे लक्ष गेलं. "अगं, तुला म्हटलं होतं ना..."

"आधी तुमचा घाला ताई."

ताईंनी गाठ सोडली. कोट उलगडला. कात्रीबाई त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होती, अगदी डोळ्यांनी पीत होती म्हणा ना. रंग उतरला. ओठ हलले. बाहेर कोणीतरी माइकवर ताईंचं नाव पुकारत होतं.

"हे... हे काय केलंस?"

"फोटोत चांगलं दिसेल," कात्रीबाई म्हणाली.

ताईंनी तिच्याकडे नीट पाहिलं. आता कुठे त्यांच्या डोळ्यांत काहीतरी जागं झालं. ओळख म्हणावी तर अर्धीमुर्धी. पण पुढच्या क्षणी त्यांनी जे केलं ते कात्रीबाईच्या हिशेबात नव्हतं. त्यांनी पाठ ताठ केली, तो फाटका कोट अंगात घातला, लोंबते दोरे हाताने सारखे केले आणि मंचावर गेल्या.

सभागृहातल्या माना एकदम वर झाल्या.

"तुम्ही म्हणाल, ताई आज अशा का?" त्यांचा आवाज किंचित कापला, हवा तेवढाच. "ज्या मुलांच्या अंगावर धड कपडा नाही, त्यांच्यासमोर मी रेशमी अस्तर घालून कशी उभी राहू? आजपासून हाच माझा कोट."

टाळ्या सुरू झाल्या आणि थांबेनात. पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी डोळ्यांना रुमाल लावला. एक गृहस्थ तर उभेच राहिले. कात्रीबाई पायरीशी उभी होती. आयुष्यभर जपलेला घाव घातला आणि त्या बाईने तो पदकासारखा छातीवर मिरवला! वर ताई म्हणत होत्या, "आणि आता आपल्यासमोर येतेय आपल्याच संस्थेत वाढलेली एक मुलगी..." गोड हसून त्यांनी हात पुढे केला. ये, असा. जणू हा कार्यक्रम दोघींनी मिळून बसवला होता.

कात्रीबाई मंचावर गेली नाही. ती पडद्याआड शिरली.

तिथं दिवे लागले होते. मुलींची रांग होती. रांगेच्या पुढे, दिव्यांच्या मधोमध, तो फ्रॉक घालून चिमटी उभी होती. "मावशी! तुझा नंबर लागला ना बोलायचा?" ती म्हणाली.

जिन्यावर दिलेला शब्द कात्रीबाईला आठवला नाही असं नाही. आठवला. स्वच्छ आठवला. पण टाळ्या अजून ऐकू येत होत्या. तिने चिमटीचं मनगट धरलं आणि तिला ओढतच पडद्याबाहेर, मंचाच्या कडेला आणलं.

"मी शिवण करते," ती माइकसमोर म्हणाली. "मला बोलायची सवय नाही. म्हणजे आहे, पण गिऱ्हाइकांशी." लोक कौतुकाने हसले. "ताईंचा कोट सकाळी धड होता. तो मी कापला. ही घ्या त्याची बाही." राखाडी बाही तिने टेबलावर ठेवली. हसणं विरलं. "का कापला ते सांगते. हा फ्रॉक बघा, या मुलीच्या अंगातला. माझ्या आईने माझ्यासाठी शिवला होता, पहिल्या फोटोसाठी. चांगला होता, म्हणून ताईंनी तो कापला. त्याची बाही ही."

तिने डबा उघडला. जाड कागदातली मोरपिशी बाही काढली आणि चिमटीच्या उघड्या दंडाला लावून धरली. कापलेली कड कडेला बसली. एक गडद, एक राखेसारखी, पण चुण्या त्याच, गोट तीच.

पुढच्या रांगेत जाड चष्म्याचे एक गृहस्थ होते. ते हळूच म्हणाले, "हा फ्रॉक... याच फ्रॉकातला फोटो आमच्याकडे आहे. फ्रिजवर लावलाय."

"तुमच्या मुलीचाच असेल मग हा फ्रॉक," शेजारच्या रुमालवाल्या बाई म्हणाल्या.

"ही आमची नव्हे. आमची ती, तिकडे बसलीय, कुरळ्या केसांची."

"म्हणजे? अहो, हा तर आमच्या मुलीचा फ्रॉक! मी तिला नवा पाठवला होता, हा फाटका बघून," मागच्या रांगेतल्या एक बाई म्हणाल्या.

"मीही पाठवला होता."

"आम्ही तर दोनदा!" मागून कोणीतरी ओरडलं.

मग ते शब्द खुर्च्यांवरून सरकत गेले, रांगेमागून रांग. ज्याच्या त्याच्या घरी, कपाटावर, टेबलाच्या काचेखाली, तोच फ्रॉक होता. लोक एकमेकांकडे बघायचे थांबले आणि ताईंकडे बघू लागले. फाटक्या कोटातल्या ताई मंचाच्या मधोमध एकट्या उभ्या होत्या. कात्रीबाई त्यांच्याजवळ गेली.

"हा फ्रॉक तुम्ही कापलात ना, ताई?"

"हे बघ... मी जे केलं ते मुलांसाठी केलं. त्याशिवाय कोणी देत नव्हतं. विचार यांना! धडक्या कपड्यातल्या मुलाला यांच्यातलं कोण देत होतं?"

पुढच्या रांगेतले काही जण खाली बघू लागले.

"ते त्यांचं ते बघतील. कापलात ना?"

ताईंनी सभागृहाकडे पाहिलं. कोटाचा लोंबता दोरा त्यांच्या बोटांत आला होता, तो त्या गुंडाळत होत्या, सोडत होत्या.

"हो," त्या म्हणाल्या.

झालं. घशातला काटा निघाला. कात्रीबाई चिमटीकडे वळली. आणि चिमटी इतक्या लोकांसमोर, इतक्या उजेडात, एकबाहीच्या फ्रॉकात उभी होती आणि तिने ते तोंड केलं होतं. भुवया वर, ओठ खाली, डोळे रोखलेले. कोणी सांगितलं नव्हतं. भिंतीशी उभ्या असलेल्या तिच्या आईने मान फिरवली.

पुढे जे व्हायचं ते झालं. मोठ्या ताई प्रकृतीच्या कारणावरून घरी बसल्या. संस्थेवर नवी माणसं आली. काही पालकांनी मुलांचे चांगल्या कपड्यांतले फोटो पाठवा म्हणून कळवलं. बऱ्याच जणांनी काहीच कळवलं नाही आणि काही पाठवलंही नाही. कुरळ्या केसांच्या मुलीची शाळा सुटली. तिची आई एकदा दुकानापाशी आली आणि कात्रीबाईच्या उंबऱ्यावर थुंकून गेली. कात्रीबाईने फडक्याने ते पुसलं आणि मुलीला वह्या घेऊन यायला सांगून पाठवलं. उत्तर आलं नाही.

"झालं समाधान?" नवऱ्याने विचारलं.

"झालं."

"खरंच?"

"मला दहा वेळा विचाराल तरी झालंच म्हणेन. आता तुमची चादर बघा, जळतेय."

ताईंचा ड्रायव्हर एके दिवशी तो राखाडी कोट घेऊन आला. निरोप होता, जसा होता तसा करून द्यावा. कात्रीबाईने कोट पुतळ्याच्या अंगात घातला, पुतळा ओढून दुकानाच्या तोंडाशी ठेवला आणि कापलेली बाही त्याच्या खांद्यावर टाकली. येणारे-जाणारे विचारत, "हे काय नवीन?" ती सांगे. प्रत्येकाला, अथपासून इतिपर्यंत.

मोरपिशी फ्रॉक तिने संस्थेतून मागून आणला होता. त्याला ती बाही पुन्हा जोडली. फ्रॉक फिका, बाही गडद. नवऱ्याने विचारलं, रंगवून एकसारखं करायचं का. "राहू दे असंच," ती म्हणाली. "कुणी काय केलं ते दिसू दे."

चिमटी बरेच दिवस फिरकली नाही. शाळेत जात होती; शब्दातला तो अर्धा भाग कात्रीबाईने पाळला होता. मग एके दुपारी ती दारात येऊन उभी राहिली. आत आली नाही.

"खिसा," ती म्हणाली.

"ये की आत."

"आईला सांगितलं होतंस मला ओढणार नाहीस."

"सांगितलं होतं."

"मग?"

कात्रीबाईने हातातलं काम खाली ठेवलं. मशीनची वादी उगाच चाचपली. मग म्हणाली, "ओढलं."

"मला वाटलं तू बोलायला जातेयस. आणि मलाच उभी केलीस. त्यांच्यासारखी." चिमटीने तिचा दंड पकडून चिमटा काढला, जोरात, नखं रुतवून. कात्रीबाईने हात मागे घेतला नाही. "आता मी ते तोंड कुणासाठीच करणार नाही. तुझ्यासाठी पण नाही."

"नको करूस."

चिमटी वाकून आत आली. पुतळ्याभोवती एक फेरी मारली. "हा किती दिवस ठेवणार?"

"त्या स्वतः न्यायला येईपर्यंत."

"याची दुसरी बाही अजून आहे की." तिने कात्रीकडे पाहिलं.

"आईच्या फ्रॉकची एकच कापली होती. तेवढीच."

"आणि त्या आल्या, तर शिवून देशील?"

"देईन. त्यांना समोर उभं करून, आणि पूर्ण शिवणावळ घेऊन."

"आणि नाही आल्या तर?"

कात्रीबाईने टाचण्या तोंडात धरल्या, खणातून चेन काढली आणि मापाची पट्टी गळ्यात टाकली. दंडावर नखांचे वळ उठले होते. "सरळ उभी राहा," ती टाचण्यांतून म्हणाली. चिमटी उभी राहिली. हात बाजूला, मान ताठ. तोंड मात्र तिने स्वतःचं ठेवलं होतं, रागावलेलं, आणि माप होईपर्यंत ते जराही हललं नाही.